मावशीला ग्रुपबाहेर काढलं तेव्हा

गेल्या रविवारी दुपारी शहापूरच्या मावशीला आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकगाण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. गुन्हा एवढाच, की ती टाइप करत नाही, बोलून मेसेज पाठवते.

मावशीला आम्ही कोणी पाहिलेलं नाही, नावही माहीत नाही. ती घरी विड्या वळते. कोणी गाणं टाकलं की तिचा आवाज येतो, मागे पानं कापणाऱ्या कात्रीची कचकच. आधी सगळ्यांना जेवलात का विचारते, मग आवडलेली ओळ स्वतः म्हणते. सूर चुकला की खुदकन हसते आणि पुन्हा म्हणते.

ॲडमिनने त्या दिवशी लिहिलं, "मावशी, हे का रेडिओ होय? फक्त लिहाचं."

मावशी बोलली, "गान्याचा ग्रुप हाय ना बाबू? मंग आवाजाले काहून भेतं?"

त्यावर त्याने तिला काढलं. मी तिथेच लिहिलं, हा अन्याय आहे. तेवढ्यात मोहाडीचे चक्कीवाले काका बेसूर गायले. मग दिघोरीची ताई गायली. संध्याकाळपर्यंत सगळा ग्रुप गात सुटला.

ॲडमिन वैतागला, "आता किती जनाले काढू? मी एकलाच राहीन ना इथं." आणि त्याने मावशीला परत घेतलं.

आता पुन्हा मस्त कलकल आहे. गाणं एकट्यालाही ऐकता येतं. ग्रुप लागतो तो सोबत 'वा' म्हणायला.

तुम्हीही कुठल्यातरी ग्रुपचे ॲडमिन असाल. बोलून मेसेज पाठवते म्हणून तिथून कोणाला काढलं असेल, तर आजच स्वतः फोन करा आणि परत घ्या.