पाटलासाठी सोबत शोधताना

गेल्या वर्षी एक दिवस आमच्या घरच्या कुकरमध्ये मासे पोहत होते. ते तिथे मीच ठेवले होते.

पार्श्वभूमी अशी. माझ्या सासूबाई मोरा या बंदरगावच्या. धक्क्यावर उतरलेली मासळी विकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गुडघ्याच्या उपचारांसाठी सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना आमच्या खारघरच्या फ्लॅटवर आणलं. दिवसभर आम्ही दोघं कामावर. शेजारी दार लावून बसणारे. बोलायला कोणी नाही म्हणून सासूबाईंनी परतीची पिशवी भरली. सुजाताने ती रिकामी केली. त्यांनी पुन्हा भरली.

उपाय म्हणून मी काचेच्या टाकीसह बेटा जातीचा एक शोभेचा मासा आणला. गडद निळा, झालरीसारखं शेपूट, चेहऱ्यावर कायम तक्रार.

"यो खावाचा नाय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, बघायचा."

"बगून प्वाट भरतंय?" (एवढं बोलून त्या चहा थंड होईपर्यंत बघत बसल्या.)

मासा छाती काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे आणि दुसरं काहीही करत नसे. त्यामुळे त्याचं नाव पाटील पडलं. पिशवी कपाटात गेली. मग एका सकाळी ती पुन्हा दारापाशी दिसली.

"पाटील एकला हाय. मी पन एकली. दोगांना मोऱ्याला सोड."

सुजाताने मला स्वयंपाकघरात ओढलं. "त्याला सोबत आण. आई आत्ता गेली तर व्यायाम अर्धवट राहील आणि गुडघा कायमचा आखडेल. आणि हे बघ, भांडणारं काही आणू नकोस. तिला त्याचा लळा लागलाय."

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. दोन स्वतंत्र सूत्रांचा दुजोरा मिळाल्याशिवाय बातमी छापायची नाही, हा आमचा नियम. माशांच्या बाबतीतही मी तो पाळला. पहिलं सूत्र दुकानदार. "सर, गप्पी टाका. एकदम शांत. टेन्शनच नाही." दुसरं सूत्र खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी, ज्यांच्या घरात सोफ्यापेक्षा मोठी टाकी आहे. "गप्पीच! डोळे मिटून घ्या."

मी डोळे उघडे ठेवून, दुकानातले सर्वांत झुबकेदार शेपटीचे गप्पी निवडले. झुबकेदार शेपूट दिसलं की बेटा त्याला आपला प्रतिस्पर्धी समजतो, हे मला टाकीत पाहूनच समजलं. पाटलाने कल्ले फुगवले आणि पाहुण्यांना कोपऱ्यात गाठलं. मी गप्पी काढून कणकेच्या डब्यात हलवले आणि कुलकर्णींना फोन लावला.

"तुम्हाला गप्पीचं कोणी सांगितलं होतं?"

"त्या दुकानदाराने. माझा मेहुणाच तो!"

दोन सूत्रं, बातमी एकाच घरातली.

आता मी स्वतः विचार केला. (हा टप्पा टाळता आला असता.) पाटलाला न घाबरणारा मासा हवा. म्हणून पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले टायगर बार्ब आणले. ते खरोखर घाबरले नाहीत. त्यांनी पाटलाची झालर कुरतडायला घेतली.

"अरं, पाटलाचं धोतर फाडलं!" सासूबाई गुडघा विसरून उभ्या राहिल्या. "काड त्यांना! काड आदी!"

कणकेचा डबा भरलेला होता. बार्ब कुकरमध्ये गेले. पिशवी दारापाशी गेली.

"आई, तुम्हीच सांगा काय आणू," मी शरण गेलो.

"कोलंबी आन. ती कोनाच्या वाटंला जात नाय."

इथे मी दुसरं सूत्र शोधलं नाही. आयुष्यभर कोलंबी विकलेल्या बाईला कोण आव्हान देणार? ती कोलंबी मेलेली असायची, हा तपशील माझ्याकडून निसटला. मी गोड्या पाण्यातली इवलीशी जिवंत कोलंबी आणली. पाटलाने ती खाल्ली.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा समाधान दिसलं. "चव हाय त्याला." मग थोड्या वेळाने, "जेवला ग्वाड. पन सोबत कुटं मिळाली?"

तेवढ्यात सुजाता कामावरून आली आणि डाळ लावायला तिने कुकर उघडला.

"कुकरमध्ये वाघ आहेत," ती म्हणाली.

"फक्त पट्टे आहेत," मी खुलासा केला. तो स्वीकारला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने गप्पी आणि बार्ब परत घेतले आणि त्यांच्या बदल्यात एक गोगलगाय दिली. मी तिच्याकडून काहीही अपेक्षा न ठेवता ती टाकीत सोडली. पाटील कल्ले फुगवून धावून आला. गोगलगाय शंखात गेली. पाटलाने एक धडक दिली, वाट पाहिली, कंटाळला आणि निघून गेला. गोगलगाय बाहेर आली आणि काचेवरचं शेवाळ खात वर चढू लागली. पाटील परत आला. ती पुन्हा आत. हे जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. शेवटी पाटील तिच्या बाजूला जाऊन शांतपणे थांबला.

सासूबाईंनी पिशवीतली लुगडी काढून कपाटात रचली.

"हिचं नाव काय ठेवायचं, आई?" मी विचारलं.

"जावय."

"का?"

"म्होरं यील ते खातो. भिंती पुसतो. कोन अंगावर आलं का आत जातो, उलटं बोलत नाय. पाटलाचं असल्याशीच जमनार."

आरोप गंभीर होता, म्हणून मी दुसऱ्या सूत्राकडे वळलो. सुजाता कुकर घासत होती. मान वर न करता तिने दुजोरा दिला.

ती पहिल्या सूत्राची मुलगी आहे, तेव्हा तिला स्वतंत्र म्हणता येत नाही. उलटून तसं म्हणावं, असं क्षणभर वाटलं. मग मी फडकं घेतलं आणि टाकीमागची भिंत पुसायला गेलो.