कापड गुंडाळलेला चुंबक

मी सैन्यात नव्हतो, सैन्यासाठी राबणारा सिव्हिलियन होतो. सत्तरच्या आसपासची गोष्ट. कामठी रस्त्यानं सायकल हाणत वर्कशॉप गाठायचं, फाटकावर जेवणाचा डबा उघडून दाखवायचा आणि दिवसभर बिघडलेल्या रायफली-पिस्तुलं खोलून, घासून, जोडून द्यायची. हातांना रॉकेलचा वास कायमचा. बायको म्हणायची, "तुमच्या हातची भाकर मी खाणार नाही." जणू मी रोज थापतच होतो.

तिथे एक नियम होता. खोललेल्या हत्याराचा बारीकसा भाग जरी हरवला, तर फाटक बंद. सापडेपर्यंत साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत कुणीही बाहेर पडायचं नाही. नियम बरोबरच होता. एरवी मीच तो नव्या लोकांना तावातावानं समजावत असे.

त्या दिवशी पहाटे दवाखान्यात आम्हाला मुलगी झाली आणि बायकोचं रक्त थांबेना. तिच्या भावाचं रक्त जुळलं नाही. माझं तपासायला घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चारला या, जुळलं तर लगेच बाटली काढू." तोवर बाकावर बसून काय करणार, म्हणून मी कामावर गेलो. त्या शहाणपणाला मी आजही शिव्या घालतो.

आमच्या टेबलाचे मुख्य म्हणजे उस्ताद. मला कानस धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांना सगळं सांगून मी तीनला निघायची परवानगी काढली होती. तीनला हात धुऊन आलो, तर टेबलाभोवती सगळे वाकलेले. पिस्तुलाची पिन हरवली होती. आगकाडीएवढी पिन, पण तिच्यावाचून गोळी सुटत नाही. बाहेर शिपायानं फाटकाला कडी घातल्याचा आवाज मला आत ऐकू आला.

मग शोध सुरू झाला. रॉकेलची तसराळी गाळली, चिंध्यांची पोती उपसली, आमचे खिसे, चपला, डबे उलटे केले. उस्तादांनी चुंबक काढला. जुन्या लाऊडस्पीकरमधला तो जड चुंबक रोज संध्याकाळी दोरीनं फरशीवर फिरवायचा असे. त्यावर कापड गुंडाळलेलं असायचं, म्हणजे लोखंडाचा कीस कापडाला धरतो आणि कापड सोडलं की झडून जातो. उस्ताद तो चुंबक टेबलाखालून, भिंतीकडेनं, पुन्हा टेबलाखालून ओढत राहिले. कीस येत होता. पिन येत नव्हती.

चार वाजून गेले. साहेबांच्या खोलीतून दवाखान्यात फोन लावला, नुसता वाजत राहिला. मी साहेबांचे पाय धरले. बाकीचे म्हणाले, "साहेब, याले जाऊ द्या, आमी सारे थांबतो." साहेब वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता. पण म्हणाला, "कल पहला सवाल यही होगा, बाहर कौन गया था."

मी सगळ्यांसमोर कपडे काढले. चड्डीवर उभा राहिलो, तोंड उघडलं, जीभ उचलून दाखवली. साहेबानं मान फिरवली. "कपड़े पहन लो," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात फाटकाबाहेर मेहुण्याचा आवाज आला. सायकल टाकून तो ओरडत होता, "भाऊजी, काहून येऊन नाही राहिले तुमी? तिकडं डॉक्टरीणबाई बलावून राहिल्या ना!" शिपाई त्याला मागं ढकलत होता. मी आत, तो बाहेर, मध्ये एक पिन. तिला देण्याचं रक्त माझ्या अंगात उकळत होतं आणि मला फाटक ओलांडता येत नव्हतं. इतका लाचार मी आधी कधी नव्हतो, नंतरही झालो नाही.

दिवस कलला तेव्हा किसानं जड झालेलं कापड उस्तादांनी सोडलं. कीस झडला. उघड्या चुंबकाच्या पोटाला पिन चिकटलेली होती. कापडाच्या आत. दुपारी चुंबक उघडाच टेबलावर टेकवून त्यांनी त्याच्यावर घाईघाईनं कापड गुंडाळलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी आयुष्यभर हसत बोलत आलो होतो. त्या दिवसानंतर ती म्हण तोंडातून निघाली नाही.

मी पोचलो तेव्हा दवाखान्यात दिवे लागले होते. बायको गेली होती. नर्स मुलीला माझ्या हातात देत म्हणाली, "तुमचं जुळलं होतं हो."

चौदाव्या दिवशी मी कामावर गेलो. पोट होतं, पोरगी होती. उस्तादांचा मला संताप यायचा. चाळीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला त्याच दिवशी कसली घाई होती? विचारलं मात्र नाही. त्यांनी ते कापड कपाटात टाकलं आणि पुन्हा कधी चुंबकाला लावलं नाही. रोज संध्याकाळी चिकटलेला कीस बोटांनी खरडत बसत. बोटांत कुसं जात, रक्त येई. मी शेजारी बसून बघत असे.

निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी चुंबक माझ्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाले, "तुले तीनले सोडाचं होतं ना गा. म्हून संध्याकाळची झाडझूड दुपारीच आटपून घेऊन राहिलो होतो."

मी चुंबक उचलला. कापड कपाटातच राहू दिलं.