अलर्ट बापाच्या मोबाईलवर

कोमलची बॅग तिच्या वडिलांच्या हातात होती आणि ती माझ्या केबिनच्या दारात मान खाली घालून उभी होती.

“मॅडम, पोरीला घेऊन चाललो. लय झालं शिक्षण.” सटाण्याचे कांदा व्यापारी. त्यांनी मोबाईल पुढे केला. मेसेज आमच्याच कॉलेजचा: ‘आपल्या पाल्याची मानसिक स्थिती चिंताजनक. कारण: विवाहाचा दबाव.’

माझं डोकंच फिरलं.

मी नाशिकच्या एका कॉलेजात समुपदेशक आहे. मुलांचं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. यंदा प्राचार्यांनी कॉलेजच्या अ‍ॅपमध्ये एआय चॅटबॉट आणला. ‘मनातलं बोला, गुप्त राहील’ अशी पोस्टर्स होस्टेलभर. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या कोमलनं विश्वास ठेवला. घरी लग्नाचं बघतायत, झोप लागत नाही, सांगायची हिंमत नाही, असं तिनं बॉटला लिहिलं. बॉटनं अलर्ट दिला. म्हणजे, हिच्याकडे आता माणसानं बघा. तो माझ्याकडे यायला हवा होता.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. “सर, हे घरी कसं गेलं?”

“अहो, हजेरी कमी झाली की पालकांना मेसेज जातो ना? बॉटचा अलर्टही त्यालाच जोडून दिला. पालकांना कळायला नको?”

“ती घरच्यांबद्दलच बोलत होती, सर!”

“पण सिस्टीम चालली ना?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला! जिवाला धोका असेल तर आम्हीही घरी कळवतो. पण कुणाला आणि काय सांगायचं, हे शक्यतो मुलाशी बोलून ठरवतो. “आजच्या आज बंद करा, नाहीतर माझा राजीनामा घ्या,” असं ओरडूनच मी बाहेर पडले.

केबिनमध्ये वडील पेटलेलेच होते. “मशीनला सांगती, बापाला नाय?”

“मग आता विचारा की तिला. ओरडू नका, फक्त ऐका.”

कोमल रडत रडत बोलली. ऐकता ऐकता वडील खुर्चीत टेकले. मग बॅग तिच्याकडे सरकवली. “परीक्षा होऊ दे. लग्नाचं मग बघू.”

अलर्ट संध्याकाळी बंद झाला. मी कोमलला म्हटलं, “आता काही वाटलं तर थेट माझ्याकडे ये.”

तिनं शांतपणे विचारलं, “मॅडम, तुम्हाला सांगितलेलं कुणाकडे जातं?”

ती माझ्याकडे परत आली नाही. ‘गुप्त राहील’ असं लिहिण्याआधी मेसेज कुणाच्या खिशात वाजणार, एवढं तरी बघत जा. पोस्टर्स मीच फाडली.