घसरपट्टीवाले भासरे

घसरपट्टीवर एवढी माया करणारा माणूस साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्या कोळशाच्या गावात नगरपालिकेचा लेकरांचा बगीचा आहे, तिथं ते चौकीदार होते. बगीचा म्हणजे दोन झुले, एक घसरपट्टी, चार कडुलिंब आणि एक बाक. पण भासरे त्याच्याबद्दल असे बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ताडोबा त्याच्यापुढे काहीच नाही.

आमच्याकडे सकाळी कपडे वाळत घातले की दुपारी झटकून पुन्हा धुवावे लागतात. खाणीची धूळ कुणाला सोडत नाही, घसरपट्टीला कशी सोडेल. म्हणून भासरे ती दिवसातून तीनदा धुवायचे. धुतल्यावर आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायचे. मग खरी परीक्षा. साठीला आलेला, एवढ्या मोठ्या मिशांचा हा माणूस पांढराशुभ्र पायजमा घालून शिडी चढायचा, वर बसून एकदा गावाकडे पाहायचा आणि सर्रकन खाली यायचा. खाली लेकरं वाट पाहत उभी. भासरे त्यांच्याकडे पाठ करून विचारायचे, "पाहा रे पोट्टेहो, काळं लागलं काय?" लेकरं डॉक्टरसारखी वाकून पाहायची. एखादं म्हणायचं, "आजोबा, डाव्या बाजूले थोडंसं हाय." की लगेच पुन्हा बादली. पायजमा पांढरा उतरला तरच घसरपट्टी सुरू.

झुल्याचा कायदा वेगळा होता. एका लेकराला वीस झोके. भासरे बाकावर बसून मोठ्यानं मोजायचे आणि वीस म्हटलं की उतरायचं, मग तो नगरसेवकाचा नातू का असेना. फक्त चकुलीच्या वेळी गणित बिघडायचं. चकुलीची आई सिमेंटच्या कारखान्यात झाडायला जाते, लेकीला घ्यायला यायला तिला उशीर होतो. सगळी लेकरं घरी जायला लागली की चकुली झुल्यावर बसायची आणि भासरे मोजायचे, "अठरा, एकोणीस, एकोणीस, एकोणीस..." एकदा एक पोरगा भांडला, "आजोबा, इचा वीस काऊन येत नाई?"

"वीस खाणीतून निघाला हाय. रस्त्यावर ट्रक लई हायेत. येऊन राह्यला."

आई फाटकाशी दिसली की वीस यायचा.

माझ्याशी मात्र ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. भासऱ्यांपुढे डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्या घरची जुनी रीत. आताच्या सुना खुशाल बोलतात, पण मी मुळातच लाजरी, मला ती रीत सोयीची पडली. काही सांगायचं असलं तर मध्ये लेकरू लागायचं. लेकरू नसलं तर भासरे दाराच्या चौकटीला सांगायचे. "अरे दारा, चहात साखर कमी हाय म्हणावं." मी साखर घालून कप चौकटीजवळ ठेवायची. बावीस वर्षं आमचं असं व्यवस्थित चाललं होतं.

मग नगरपालिकेकडे पैसा नाही असं गावात ऐकू यायला लागलं. दिवे कमी झाले, पाणी दिवसाआड येऊ लागलं, आणि एका सकाळी भासरे चौकटीला म्हणाले, "अरे दारा, परवा साहेब बगीचा पाहाले येऊन राह्यला. ठेवायचा का बंद करायचा, थे ठरवणार हाय. पोट्ट्यांवर ध्यान ठेवाले कोणी तरी पाह्यजे म्हणावं."

मी गेले. भासऱ्यांनी त्या दिवशी घसरपट्टी पाच वेळा धुतली होती. झुल्याच्या साखळ्यांना खोबरेल तेल लावलं होतं. मातीवर झाडू असा फिरवला होता की स्वतःची पावलंसुद्धा मागे मागे सरकत पुसली होती. आणि सारी लेकरं बगीच्याबाहेर, पाण्याच्या टाकीमागे ओळीनं बसवली होती. आत पाय टाकायचा नाही, आवाज करायचा नाही. साहेब जाईपर्यंत राखणीला मी.

साहेब आले. त्यांनी घसरपट्टीवर बोट फिरवलं, बोट पाहिलं. भासऱ्यांची मिशी आनंदानं हलली. साहेब सोबतच्या बाबूला म्हणाले, "इथं तर कुणाचं पाऊलही दिसत नाही. लेकरं येतच नसतील तर एवढा खर्च कशाला. कुलूप लावा, झुले काढून गोदामात टाका."

एरवी साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाणारे भासरे नुसते दुपट्टा पिळत उभे होते, कोरडाच. टाकीमागे चकुलीनं माझा पदर धरला होता. मी उठले. साहेबाकडे पाहवेना, भासऱ्यांपुढे बोलवेना. मग मी फाटकाजवळ गेले, पदर नीट केला आणि फाटकालाच सांगितलं, "अरे फाटका, साहेबाले सांग, लेकरं रोज येतात. आज बाहेर बसवले हायेत."

साहेब आधी फाटकाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. तोवर ओळ मोडली होती. तीस-चाळीस लेकरं माझ्या दोन्ही बाजूंनी आत घुसली आणि ती झाडलेली माती एका मिनिटात उधळली.

"अहो, मग बाहेर का बसवले?" साहेबांनी विचारलं.

भासरे खाली पाहत म्हणाले, "तुम्ही येऊन राह्यले म्हणून सफाई केली ना साहेब. लेकरं आले का घाण होते."

साहेब हसले. कुलूप लागलं नाही, झुले राहिले. पण चौकीदार ठेवणं जमणार नाही, गावानं आपलं आपण सांभाळा, असं सांगून ते गेले. भासऱ्यांची नोकरी गेली. दुसऱ्या सकाळी खाणीचा भोंगा वाजला तेव्हा मात्र ते पांढरा पायजमा घालून शिडीवर होते.

असं दोन वर्षं केलं. मग गुडघे गेले. आता आम्ही बाया पाळीनं घसरपट्टी धुतो. माझी पाळी मंगळवारची. भासरे काठी टेकत येऊन बाकावर बसतात आणि कडुलिंबाला सांगतात, "अरे झाडा, कोपऱ्यात धूळ राह्यली म्हणावं." कोपऱ्यात खरंच राहिलेली असते. पायजम्याची परीक्षा मात्र कुणी देत नाही. लेकरं अजून सवयीनं खाली येऊन उभी राहतात, थोडी थांबतात आणि मग शिडी चढतात.

मोठ्यानं मोजताना आता भासऱ्यांना धाप लागते, म्हणून मंगळवारी मी मोजते. माझा आवाज बारीक, पण लेकरांना पुरतो. गेल्या मंगळवारी चकुलीची आई फारच उशिरा आली. मी एकोणीसपर्यंत आले आणि थांबले. भासऱ्यांसमोर खोटं मोजायची मला लाज वाटली.

बाकावरून, माझ्याकडे न पाहता, त्यांनी हळूच म्हटलं, "एकोणीस."

या वेळी त्यांनी झाडाला हाक मारली नव्हती.

"एकोणीस," मी म्हटलं.