फळ्याचं दुसरं कुलूप

महेंद्र रणपिसे लष्कराच्या संदेश पाठवणाऱ्या सिग्नल तुकडीतून हवालदार म्हणून घरी आला तेव्हा जेमतेम चाळिशीचा होता. मूळ गाव वडूज. पण गावच्या घरात भावांचे संसार वाढले होते, आणि बायको अंजना तो नोकरीत असतानाच काविळीनं गेली होती. सांगलीत कॉम्प्युटर क्लासात शिकवायचं काम मिळालं, माधवनगरात एक खोली मिळाली. सकाळी डबा स्वतःच करायचा, दुपारी एकट्यानंच खायचा. क्लासातली पोरं सर म्हणायची. नावानं हाक मारणारं सांगलीत कुणी नव्हतं.

म्हणून त्यानं अठ्ठ्याण्णव साली इंटरनेटवर गप्पांचा फळा काढला, जुन्या तुकडीतल्या माणसांसाठी. नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा आणि लिहायचं. भाषा मराठीच, अक्षरं इंग्रजी. वर्षभरात सव्वीस जण जमले.

संध्याकाळी सहाला क्लास सुटला की महेंद्र फळा उघडायचा, आणि भाऊसो धनावडे तिथं असायचाच. भाऊसो मेढ्याचा. निवृत्तीनंतर साताऱ्यात एका कारखान्यावर वॉचमन झाला होता. बर्फात दोघं दोन हिवाळे एकाच बंकरात राहिलेले. "दुपारी जेवलास का रं गड्या?" अशी त्याची सुरुवात ठरलेली.

एकदा महेंद्रनं त्याला एकट्याला निरोप लिहिला. तार मिळाली तसा निघालो, पण खिंड बंद होती; पोचलो तेव्हा अंजनाला नेऊन दोन दिवस झाले होते. हे त्यानं सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. भाऊसोचं उत्तर आलं, "तू निघालायस हे तिला ठावं आसणार. वाट बघणाऱ्याला कळतं." महेंद्र त्या दिवशी खोलीवर चालत गेला. सायकल क्लासापाशीच राहिली.

नव्याण्णवच्या ऑगस्टात तुकडीतल्याच नानासोच्या नावानं फळ्यावर घाणेरड्या शिव्या आल्या. एकेकाचं नाव घेऊन, बायकामुलांवरून. नानासो फोनवर रडकुंडीला आला. "आरं, मी चार दिस रानात हाय. मी कवा लिव्हणार?"

ते कुणी लिहिलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण कसं लिहिलं ते महेंद्रला लगेच कळलं. सगळ्यांनी आपापला लष्करी नंबरच पासवर्ड ठेवला होता, आणि एकमेकांचे नंबर सगळ्यांना पाठ होते.

त्यानं ठरवलं, एका कुलपावर भागायचं नाही. प्रत्येकासाठी चाळीस आकड्यांचा वेगळा कागद छापला. पासवर्ड टाकला की फळा विचारणार, तुमच्या कागदावरचा सतरावा आकडा कोणता? वापरलेला आकडा खोडायचा, पुन्हा चालणार नाही. म्हणजे नंबर चोरला तरी कागद हातात असल्याशिवाय आत शिरता येणार नाही. हे कागद त्यानं तुकडीच्या वहीतल्या पत्त्यांवर रजिस्टरनं धाडले, आणि फळ्यावर लिहिलं, एक तारखेपासून नवं कुलूप.

बारा दिवसांनी एक पाकीट परत आलं. भाऊसो धनावडे, मेढा. वर पोस्टमनच्या हातचा लाल शब्द होता: मयत.

त्याच संध्याकाळी सहाला भाऊसोनं लिहिलं, "दुपारी जेवलास का रं गड्या? तुजा कागद आजून न्हाई आला."

महेंद्र पडद्याकडं बघत राहिला. सिग्नलमध्ये तारयंत्राच्या नुसत्या टकटकीवरून तो सांगायचा, पलीकडं कोण बसलाय. भाऊसोचा हात तर त्यानं वादळातही ओळखला होता. त्यानं मशीन बंद केलं.

रविवारी तो साताऱ्यावरून मेढ्याला गेला. भाऊसोची बायको राहीबाई ओट्यावर घेवडा सोलत होती. "ते जाऊन वरीस झालं की, भावजी. छातीत कळ आली आन् गेलं," ती म्हणाली. "तुमास्नी संयोगितानं कळवलं न्हाई? मला बोलली, समद्यांस्नी कळवलंय."

संयोगिता, भाऊसोची थोरली. साताऱ्यात एका इंटरनेटच्या दुकानात कामाला होती. परतताना महेंद्र त्या दुकानाच्या दारात उभा राहिला आणि त्यानं नाव सांगितलं, तशी ती खुर्चीवरून उठली.

"काका, आवं, आधी आबाच सांगायचे आन् मी टाइप करायची. त्यास्नी कुठं यायचं ते? पैल्यापास्नं लिव्हणारी मीच."

"आणि मग?"

"ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी सांगायलाच बसले हुते. तुमीच आधी लिव्हलं हुतं, आज लय एकटं वाटतंय. मग मला न्हाई सांगवलं. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत ऱ्हायले."

"अंजनाचं मी लिहिलं, ते भाऊसोनं वाचलं होतं?"

तिनं मान हलवली. "न्हाई. आबा तवा नव्हते." मग म्हणाली, "पर ते उत्तर खोटं नव्हतं, काका. आमी पण घरी वाटच बघायचो की, दर सुट्टीला."

महेंद्रला राग यायला हवा होता. तो येईना. त्यानं खिशातलं पाकीट काढलं, तिनं हात पुढं केला, तेव्हा मात्र त्यानं ते मागं घेतलं. "हा भाऊसोचा कागद आहे. तुला तुझ्या नावाचा देईन."

एक तारखेला नवं कुलूप लागलं. सव्वीसांतले अकरा आत आले. बाकीच्यांना आकडे खोडत बसायचा कंटाळा आला, दोघांनी कागद हरवला. शिव्या पुन्हा आल्या नाहीत; तशा गप्पाही फारशा राहिल्या नाहीत. भाऊसोचं खातं महेंद्रनं स्वतःच्या हातानं बंद केलं. त्याला चार दिवस लागले.

संयोगिता आपल्या नावानं एकदा आली. "काका, बरे आहात ना?" असं नीट शाळेतल्यासारखं लिहिलं. महेंद्रनं दोनदा उत्तर लिहून पुसलं. बर्फातल्या गोष्टी तिला काय सांगायच्या, आणि अंजनाचं तर आता बोलायची लाज वाटत होती. शेवटी लिहिलं, "बरा आहे. आईला नमस्कार सांग." तिनं "हो" म्हटलं.

सहाला क्लास सुटायचा, पोरं सायकली काढून जायची. महेंद्र आपल्या कागदावरचा एक आकडा खोडून फळा उघडायचा, कुणी आलंय का बघायचा, आणि पंखा बंद करून शटर ओढायचा.