काशीरामचा सोमवारचा ताप

भगवंताने श्वास दिला तो नाम घेण्यासाठी, आणि काशीरामने तो तसाच खर्चला. दिवसभर रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करावे, सोमवारी संध्याकाळी मांडवीच्या देवळात अभंग उचलावा, आणि टाळकऱ्यांनी डोळे मिटावेत. पण सत्याऐंशी साल उजाडले आणि दर सोमवारी ऐन भजनात त्याला हुडहुडी भरू लागली. छाती आवळे, जिभेवर धातूची गोडसर चव येई, वरचा सूर अर्ध्यावर तुटे. मंगळवारी पुन्हा ठणठणीत.

संशय गेला भागोजीवर. तो काशीरामची ओळ मागून झेलत झील धरणारा, बालपणीचा सखा. भजनाआधी घरून काढा आणून पाजणारा. पुढे गाणाऱ्या बुवाची, म्हणजे काशीरामची, जागा रिकामी झाली तर ती त्याचीच होती.

"काय टाकतोस रे यात?"

"आलं, तुळस नि तुझ्या बायकोचे शिव्याशाप," भागोजी हसला. "तू आडवा पडलास तर वरच्या पट्टीत मी ओरडू? देव देऊळ सोडून पळेल."

ते हसणेही काशीरामला खोटे वाटले.

शिमग्याला कारखाना बंद राहिला. त्या सोमवारी काशीराम भागोजीवर नजर रोखून काढा घोट घोट प्याला. ताप आला नाही; सूर कळसाला भिडला. गुरुवारी कारखाना उघडला. या वर्षीपासून येऊ लागलेले जस्ताचा मुलामा दिलेले पाइप जोडताना पांढरा धूर शेडभर कोंडला. भागोजी तेव्हा केळशीला गेलेला; तरी संध्याकाळी तीच हुडहुडी.

"रविवार असो की शिमगा, सुट्टीनंतरचा पहिला धूर बाधतो," पांघरुणातून तो बायकोला, तुळसाला, म्हणाला. "भागोजी नव्हे."

"मग कारखान्याचे शेठ रोज तुम्हांला गूळ का वाटतात?"

"घसा धुतला जातो म्हणतात."

"म्हणजे घशात काय जातं ते त्यांना ठाऊक हाय."



सकाळी त्याने गुळाचा खडा हरिहरशेठच्या हातावर परत ठेवला. "गूळ नको, शेठ. पाइप अंगणात वाऱ्यावर जोडतो."

"कोणी शिकवलं तुला हे? युनियनवाला भेटला काय?"

काशीरामने केबल ओढत बाहेर नेली. शेठनी अडवले नाही. दिवसभर दारातून पाहत मात्र राहिले.

सोमवारी देवळात काशीरामने आपणहून हात पुढे केला. "आज जरा जास्त दे."

भागोजीने पेला मागे घेतला, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "आज विचारत नाहीस काय टाकलंय ते?"