पाण्यात नसलेला कळस

चांद्यातल्या सोसायटीच्या लॉबीत मी पोहोचलो, तेव्हा तिथे लावायला दिलेल्या माझ्या चित्रातल्या पाण्यात कोणीतरी कळस रंगवून ठेवला होता. खाली सही माझी.

"मोतीबिंदूमुळे काकांची चूक झाली; त्यांच्या संमतीनेच ती सुधारली," असे आज तिथे सांगतात. ते साफ खोटे आहे.

चित्र जवळच्या रिह्यातल्या देवळाचे. तळ्याच्या उंच बांधावर बसून मी ते तुटक, जाड फटकाऱ्यांनी रंगवले होते. पुढे सभामंडप, मागे शिखर, खाली पाण्यात मंडपाचे थरथरते प्रतिबिंब. त्यात कळस नव्हता, कारण तो दिसत नव्हता.

"कोणी केले हे?"

"काका, चिडू नका," सेक्रेटरी म्हणाले. "रिफ्लेक्शन इनकम्प्लीट वाटत होतं. जिना रंगवणाऱ्या पेंटरकडून टचअप करून घेतलं. परवा लॉबीचं उद्घाटन आहे ना! मी देवळाचा फोटो कॉम्प्युटरवर उलटा करून चेक केलंय."

"आणि तळे?"

"त्याची काय गरज?"

प्रतिबिंब म्हणजे उलटा केलेला फोटो नव्हे. पाणी इमारतीकडे खालून पाहते. बांधावरून आपल्याला मंडपाच्या वर शिखर दिसते. पाण्यात तोच मंडप पुढे येऊन कळसासकट शिखर झाकतो. चाळीस वर्षे निसर्गचित्रे रंगवणाऱ्याला हे जिना रंगवणाऱ्याने शिकवायचे?

मी सेक्रेटरींना त्यांच्याच गाडीतून रिह्याला नेले. बांधावर एक म्हातारे शेतकरी गवत कापत होते.

"मामा, पाण्यात कळस दिसतो ना?" सेक्रेटरींनी विचारले.

"हितनं? न्हाई. मंडप आडवा येतुया न्हवं! जल्म हितं गेला माजा."

सेक्रेटरींनी फोनवरचा उलटा फोटो पुढे केला. म्हाताऱ्यांनी तो निरखून पाहिला.

"ह्ये कुटलं गाव म्हनायचं?"

सेक्रेटरींनी फोन खिशात टाकून गाडी सोसायटीकडे वळवली.

लॉबीतला ऑइलपेंट अजून ओला होता. टर्पेंटाइनच्या बोळ्याने मी तो कळस पुसला. त्याबरोबर माझे वार्निशही निघाले; तेवढे पाणी आजही निस्तेज दिसते. उद्घाटनाच्या दिवशी पाण्यात कळस का नाही, हे सेक्रेटरींनीच पाहुण्यांना ऐटीत समजावले, माझ्याच शब्दांत. निस्तेज डाग मात्र मोतीबिंदूमुळे झालेली चूक पुसल्याचा, असे सांगून माझ्या डोळ्यांच्या खाती टाकला.

तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या पाठीवर मी कुठे बसलो होतो, ते लिहून देतो. ज्याला दुरुस्ती सुचेल, त्याने आधी तिथे जाऊन बसावे.